डोळ्यांची साथ आणि साहेबांची भिंगं

पिंपरीच्या आमच्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात आम्ही मोजून पाच माणसं. पण पाच जणांनी मिळून किस्से इतके साठवले, की आजही आमच्यातले दोघे एखाद्या लग्नात भेटले तर पंगती उठतात, मांडव रिकामा होतो, आमचं आपलं चालूच! बायको विचारते, "तुम्ही तिथे ड्रॉइंगं काढत होता की नुसत्या गप्पा हाणत होता?"

दोन्ही, बाई. एकोणीसशे पन्नासनंतरची वर्षं होती ती. कारखाना नवा, डोक्यावरचे पत्रे नवे, आम्हीही नवे. खिडकीतून ज्वारीची शेतं दिसायची. कंपनीचा भोंगा झाला की शेतातली माणसं भाकरी सोडायला बसायची, इतकं सगळं एकमेकांत मिसळलेलं होतं. त्यातल्या एकाच पावसाळ्याचे हे किस्से. डोळ्यांची साथ आली होती तेव्हाचे.

*

आधी आमच्या साहेबांबद्दल सांगायला हवं. चिटणीस साहेब, हेड ड्राफ्ट्समन. विलायतेत दोन वर्षं शिकून आलेले. टाय, पॉलिश केलेले बूट, आणि नजर अशी की मी ट्रेस केलेल्या कागदावरची केसाएवढी चूक दारातून दिसायची.

एके दिवशी साहेबांनी डोळा चोळला आणि "कुणी हलू नका!" असं ओरडून ते चक्क गुडघ्यांवर बसले. आम्ही चौघे जागच्या जागी पुतळे. साहेब हातांनी फरशी चाचपताहेत. शेवटी आमचे शिपाई गेनूमामा वाकले. पिंपरी गावातलेच, जन्म तिथलाच. टेबलाच्या पायापासून काहीतरी चिमटीत उचलून म्हणाले, "सायेब, हितं माशाचा खवला कुटनं आला?"

तो खवला म्हणजे साहेबांची कॉन्टॅक्ट लेन्स! आम्ही कुणी हा शब्दही ऐकला नव्हता. बुबुळावर बसवायचं भिंग. साहेबांचा नंबर भलताच मोठा. परत येताना बोटीवरून जुना जाड चष्मा त्यांनी समुद्रात फेकून दिला होता म्हणे.

"हे ऑफिसच्या बाहेर जाता कामा नये," साहेब म्हणाले. "आंधळा हेड ड्राफ्ट्समन कोण ठेवील?"

बाहेर गेलं नाही. गेनूमामा तेवढे अधूनमधून विचारायचे, "सायेब, खवलं हाईत ना जाग्यावर?"

*

मग साथ आली. आधी फाउंड्रीत, मग मशीन शॉपमध्ये. अर्धी शिफ्ट लाल डोळ्यांची. कुणी हळदीच्या पाण्यात भिजवलेला रुमाल डोळ्यांना लावतोय, कुणी काळा चष्मा.

आमच्यातले घारपुरे या प्रकाराला फार घाबरायचे. आलेल्या डोळ्यांकडे बघितलं की आपलेही येतात, ही त्यांची पक्की समजूत. त्यामुळे ते सगळ्यांशी पाठ करून बोलायला लागले. ड्रॉइंग द्यायचं तर पाठीमागे हात करून. मॅनेजर आले तेव्हाही घारपुरे भिंतीकडे तोंड करून "येस सर, येस सर!"

चौथ्या दिवशी घारपुऱ्यांचे डोळे टोमॅटोसारखे!

आठवड्यातून दोनदा पुण्याहून कंपनीचे डॉक्टर यायचे. डॉक्टर गोळे. ते ऑफिसात आले तेव्हा त्यांच्यापुढे घारपुरे जवळजवळ रडले. "डॉक्टर, मी कुणाकडे बघितलंसुद्धा नाही हो!"

"बघितलं नाहीत," डॉक्टर म्हणाले, "पण तोंड कुठल्या टॉवेलला पुसलंत?"

आम्ही सगळ्यांनी नळाकडे पाहिलं. खिळ्याला एकच टॉवेल लटकत होता. पाच जणांचा.

*

डॉक्टरांनी हुकूम काढला. प्रत्येकाला वेगळा टॉवेल, त्यावर नाव. साबणाने हात धुतल्याशिवाय डोळ्याला बोट लावायचं नाही.

आम्ही लेटरिंगमधले पटाईत. अशी सुबक अक्षरं काढली म्हणता, की टॉवेल भिंतीवर लावावेत! पाच खिळे, पाच टॉवेल. डॉक्टर खूश. शनिवारी त्यांनी विचारलं, "गेनूमामा, टॉवेल धुता ना रोज?"

"व्हय तर! पाची येकदम. येकाच बादलीत, गार पान्यात."

डॉक्टर उठले. कोट काढला, बाह्या वर सारल्या आणि स्वतः चहाच्या चुलीवर पाणी उकळायला ठेवलं.

*

त्याच दिवशी डॉक्टरांना साहेबांच्या भिंगांचा पत्ता लागला. डॉक्टरांपासून काय लपवायचं, म्हणून साहेबांनीच कौतुकाने दाखवली. डॉक्टरांनीही पहिल्यांदाच पाहिली.

"आणि डोळ्यात घालता कशी?"

साहेबांनी भिंग जिभेवर ठेवलं, ओलं केलं आणि बोटाने डोळ्यात बसवलं. एका झटक्यात! आम्ही टाळ्या वाजवायच्या बेतात.

डॉक्टर मटकन खुर्चीवर बसले. "चिटणीस, घारपुऱ्यांचा टॉवेल तुम्हाला घाण वाटतो आणि स्वतःची थुंकी डोळ्यात घालता?"

मग त्यांनी बजावलं. साथ संपेपर्यंत भिंगं बंद. नंतरही हात धुऊनच लावायची, थुंकी अजिबात नाही, रोज रात्री काढायची. आणि डोळा जरा जरी लाल झाला तरी त्या क्षणी बाहेर.

"बंद केली तर मला समोरचा माणूस दिसत नाही, डॉक्टर."

"चष्मा करा."

साहेब हसले. "बघू."

*

बघू म्हणजे नाही, हे मला सोमवारी कळलं. साहेब काळा चष्मा लावून आले. त्या दिवसांत निम्मा कारखाना काळ्या चष्म्यात, कुणाला काही वाटलं नाही. मी सही घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी चष्मा उचलून डोळा टिपला. उजवा डोळा लालभडक. आत भिंग तसंच.

"साहेब, डॉक्टरांनी..."

"जगदाळे, बॉयलरच्या झाकणाचं ड्रॉइंग शुक्रवारी मुंबईला जायचंय. ते गेलं की काढतो. कुणाला बोलायचं नाही. शब्द दे."

दिला. तेवीस वर्षांचा होतो. नोकरी त्यांनीच लावलेली.

मंगळवारी त्यांनी खिडक्यांचे पडदे ओढायला लावले. उजेड सोसत नव्हता. बुधवारी टेबलाची कड धरून उभे राहिले ते तसेच, घाम फुटलेला. डॉक्टर कंपनीच्या दवाखान्यात आलेले होते. मी ट्रेसिंगचं पेन खाली ठेवलं आणि पळत गेलो.

डॉक्टरांनी भिंग काढलं, टॉर्च मारला. बुबुळावर पांढरा ठिपका, जखम झालेली. कंपनीच्या गाडीतून त्यांनी स्वतः साहेबांना पुण्याला नेलं. जाताना मला एवढंच म्हणाले, "डोळा वाचला तर वाचला."

मी दिवसभर एक रेघ ओढू शकलो नाही.

*

डोळा वाचला. पण विश्रांती म्हणून दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून साहेबांना घरी पाठवलं. आता चष्म्याला पर्याय नव्हता. नंबराचा कागद घेऊन मी चिंचवडला रहीमभाईंच्या चष्म्याच्या दुकानात गेलो. म्हातारे, शांत गृहस्थ. कागद जवळ धरला, लांब धरला, मग माझ्याकडे बघितलं.

"भाऊ, हा चष्म्याचा नंबर नाही. दुर्बिणीचा आहे!"

काचा पुण्याहून मागवून त्यांनी चार दिवसांत चष्मा केला आणि सायकलवरून स्वतः साहेबांच्या घरी आणून दिला. साहेबांनी तो हाताने चाचपला. काचांची जाडी बोटाला लागली तसा चेहरा उतरला.

रहीमभाई म्हणाले, "साहेब, जड आहे, कबूल. पण नाकावर जड आहे. डोळ्यावर नाही."

*

आता शेवटचा किस्सा. ड्रॉइंगची मुदत साहेबांच्या नावाने वाढवून मिळाली होती, पण तपासणार कोण? मी तो कागद गुंडाळून त्यांच्या घरी गेलो. पलंगावर पट्टी बांधलेले साहेब, बाजूच्या स्टुलावर मी. वहिनींनी चहा ठेवला आणि दार लोटून घेतलं.

"वाच," साहेब म्हणाले.

मी एकेक माप वाचत गेलो. साहेब हवेत बोटाने रेघा काढत होते. व्यास, जाडी, कडेची रुंदी. मान हलत होती.

"बोल्टची भोकं सहा," मी वाचलं.

बोट थांबलं. "आठ."

मी कागद पाहिला. ट्रेस करताना मीच सहा काढली होती. साहेबांच्या मूळ कागदावर आठ होती, आता आठवलं. सहा बोल्टांवर ते झाकण वाफेला टिकलं नसतं, आणि त्यासमोर माणसं उभी असणार होती.

मी त्या सहाभोवती पेन्सिलीने गोल केला. आणि का कोण जाणे, तेव्हाच तोंडून निघून गेलं, "साहेब, डॉक्टरांना मीच सांगितलं. शब्द मोडला मी."

साहेबांचं हवेतलं बोट खाली आलं. बाहेर वहिनी भांडी लावत होत्या. मग त्यांनी पट्टी बांधलेला चेहरा माझ्याकडे वळवला.

"दोन दिवस उशीर केलास, जगदाळे," ते म्हणाले. "हं. पुढचं माप वाच."