तांड्यावरचा गायगर काउंटर

तिसऱ्या वादळातही मोजणी जवळजवळ दुप्पट आली, तेव्हा मी दिग्रसला जाऊन प्रयोगशाळेतल्या साहेबांना तार ठोकली. साठ-एकसष्ट साल असेल.

साहेबांच्या डोक्यात एक शंका होती. विजेच्या जोरानं हवेतले इलेक्ट्रॉन इतके सुसाट पळत असतील, की त्यातून गॅमा किरण निघत असतील, कदाचित अणूचं केंद्रही फुटत असेल. ते पकडायला मला गायगर काउंटर देऊन एका बंजारा तांड्यावर धाडलं होतं. नळीत किरण शिरला की यंत्र टिक करतं आणि आकडा पुढे सरकतो. असे किरण जमिनीतूनही येतात. ते अडवायला नळीवर जाड लोखंडी टोपण असे; विजेचे जोरकस किरण त्यातूनही आत शिरतील, असा हिशोब होता.

वादळात मी शाळेच्या ओसरीवर बसून विजांच्या वेळा टिपायचो आणि पाऊस थांबला की खोलीवर येऊन आकडा वाचायचो. खोली सोनाबाईंची. सगळा तांडा त्यांना याडी, म्हणजे आई म्हणे. मला दोन वेळा जेवू घालत, म्हणून मीही म्हणू लागलो.

साहेब आले. निकाल खरा ठरला तर नोकरी पक्की, म्हणाले. दुपारी आभाळ भरून आलं तसे आम्ही दोघं यंत्राशेजारीच बसलो. याडी लगबगीनं आली. विळा अंगणात टाकला, कुऱ्हाड टाकली, आणि सरावाच्या हातानं माझं टोपण उचलून निघाली. टिकटिक एकदम वाढली. वीज अजून एकही चमकली नव्हती.

मी उठून तिला दारातच अडवलं.

"याडी, हे दरवेळी नेतेस?"

"मंग? लोखंड अंगणात टाकलं की ईज घरावर येत नाही. पुसून परत ठेवतो ना मी. तुह्या मशीनले काही झालं तं सायबाले काय सांगशीन?"

टोपण आज घरातच राहू दे, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे, असं मी तिला विनवलं. तिनं ते परत बसवलं. लोखंड घरात म्हणून खूप घाबरली होती, तरी बाहेर गेली नाही. वादळ संपेपर्यंत माझी बाही घट्ट धरून यंत्राजवळ बसून राहिली. आईच ती. आकडा रोजच्याइतकाच आला.

नोकरी पक्की व्हायला आणखी दोन वर्षं गेली. विजेच्या जोरानं अणूचं केंद्र फुटून न्यूट्रॉन निघतात, हे पुढे फार वर्षांनी दुसऱ्यांनी चांगल्या यंत्रांनी दाखवलं. नव्या पोरांना मी एवढंच सांगायचो, यंत्र लावण्याआधी घरच्या बाईला विचारा, वादळात ती काय काय करते.