एकदाणीची गाठ

"तिकडं पाह्य, झालंच!" असं चाची म्हणाली की समजावं, बांगडी हातात गेली. पोरगी बिचारी दाराकडे पाहायची, तेवढ्यात हिनं हात चेपून बांगडी मनगटावर सरकवलेली असायची. आमच्या सावली तालुक्यातल्या गावांत या बांगडीवालीला हिंदू-मुसलमान सगळे चाचीच म्हणत. खोड अशी, की रस्त्यात भेटली तरी तुमचा हात धरून दाबून पाहणार. मी संग्रहालयात कारकून लागल्याचे पेढे द्यायला गेलो, तर पेढा राहिला बाजूला. माझी बोटं दाबत म्हणाली, "नरम हाये. कोनतीबी चुडी जाते यात."

पण तिचा खरा मान एकदाणीचा. गावच्या मालगुजारीणबाईंची, म्हणजे जमीनदाराच्या बायकोची, सोन्याच्या मण्यांची एकपदरी माळ होती ती, रेशमात ओवलेली. गावात कोणत्याही घरी लग्न असो, नवरीच्या गळ्यात एक दिवस ती जायचीच. मालगुजारांकडून आणायची चाची, मानेमागे गाठ मारायची चाची, आणि दुसऱ्या दिवशी सोडून परत नेऊन द्यायची तीही चाचीच. बांधणारीनंच सोडायची, असा गावचा रिवाज. माझ्या बहिणीच्या पाठवणीला बैलगाडी जुंपून तयार, व्याही कावलेले, आणि चाची दुसऱ्या गावच्या मांडवात अडकलेली. पण गाठीला हात लावायची कुणाची छाती होईना. शेवटी ती धापा टाकत आली. "घाई काहाची हाये? सोन्याले का पाय फुटले?" असं व्याह्यांनाच सुनावून तिनं गाठ दातानं सोडवली.

पुढे मालगुजारी गेली, मालगुजारीणबाईही गेल्या. मुलांनी एकदाणी चांद्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या संग्रहालयाला देऊन टाकली. काचेच्या उभ्या कपाटात, काळ्या मखमलीवर ती लागली. मला आनंदच झाला, खोटं कशाला सांगू? रोज गावचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटायचं.

एक दिवस पाहतो तर दारात चाची. मागे तिची एकुलती मुलगी, लाजून अर्धी झालेली. तिचं लग्न ठरलं होतं, येत्या जुम्म्याला.

"भाऊ, एका दिवसासाठी दे. दुसऱ्या दिवशी मीच सोडून आनून देईन. साऱ्या गावच्या पोरीईले बांधली मी. आता माह्या पोरीची बारी आली, तं हे इथी येऊन बसली."

मी साहेबांकडे जाऊन अजिजी केली. साहेब वाईट नव्हते, पण कपाटातली वस्तू बाहेर जात नाही म्हणजे नाही. परत आलो तेव्हा मला तिच्याकडे पाहवेना. तिनं माझा हात घेतला, सवयीनं दाबला आणि म्हणाली, "जाऊ दे भाऊ. तू काऊन तोंड पाडतं?"

मग ती कपाटासमोर जाऊन उभी राहिली. बराच वेळ काचेत पाहत होती. एकदम तिनं मुलीला ओढून आपल्या जागी उभं केलं.

"काचेत तोंड दिसते ना तुले? गुडघे वाकव जरासे. अजून. आली का एकदाणी गळ्यात?"

मुलीच्या चेहऱ्यावरूनच कळलं की आली. आम्हा दोघांना ते दिसणं शक्य नव्हतं. आमच्या जागेवरून एकदाणी भलतीकडेच होती. चाचीनं मुलीची वेणी बाजूला सारली आणि तिच्या मोकळ्या मानेमागे, हवेतच, दोन्ही हातांनी सावकाश गाठ मारली.

"इकडं पाह्य, झालंच!"

मुलीचा हात आपसूक गळ्याकडे गेला. "अम्मी, गाठ छोडेगी कब?"

"राहू दे. हे कोनाले वापस द्याची नाई."

उगाच मी फडकं घेऊन दुसरं कपाट पुसायला लागलो.

चाची त्याच वर्षी गेली. मुलगी अजून कधी चांद्याला आली की संग्रहालयात डोकावते, कपाटासमोर गुडघे वाकवून उभी राहते. मी बाहेर व्हरांड्यात जातो. बांधणारीनंच सोडायची असते, आणि ती गाठ सोडायला चाची काही आली नाही.