कावेरीच्या अंगावरचे नऊ डाग

कावेरीला तपासून झाल्यावर डॉक्टर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "आता तुम्ही शर्ट काढा."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. आजारी होती माझी सहा वर्षांची मुलगी. मी गावच्या दूध संस्थेचा सचिव, चांगला धडधाकट माणूस. पण औरंगाबादच्या मोठ्या हॉस्पिटलात हुज्जत कोण घालणार? काढला शर्ट. डॉक्टरांनी माझ्या पोटापाठीवरचे तपकिरी डाग पाहिले, काखेतले बारीक ठिपके पाहिले, पाठीवरच्या दोन मऊ गाठी बोटानं दाबून पाहिल्या.

"हे डाग जन्मापासून आहेत?"

"हो. आमच्या घराण्याची निशाणी आहे. वडलांना पण होते," मी जरा ऐटीतच सांगितलं.

"निशाणीच आहे," डॉक्टर म्हणाले. "याला न्यूरोफायब्रोमॅटोसिस म्हणतात."

हा शब्द मला नीट म्हणता यायला महिना लागला. अर्थ असा की, जन्मतःच शरीरातल्या एका जनुकात बिघाड असतो. त्यामुळे कातडीवर डाग येतात आणि नसांवर गाठी होऊ शकतात. बहुतेक गाठी साध्या असतात. काही मुलांना मात्र डोळ्याच्या नसेवर ट्यूमर होतो. कावेरीला तोच झाला होता. त्याचं नाव ऑप्टिक ग्लायोमा.

आमचं गाव बीडजवळच्या पालीशेजारी. त्या वर्षी दुष्काळानं बिंदुसरेच्या धरणात तळाला भेगा पडल्या होत्या. जनावरं चारा छावणीत आणि निम्मी माणसंही छावणीत. दूध घटलं तरी दोन्ही वेळचं संकलन मी बंद पडू दिलं नाही. दुधाचा भाव ज्यावर ठरतो ती फॅट मोजायच्या मशीनजवळ कावेरी कॅरेट पालथं घालून बसायची आणि आकडे मोठ्यानं वाचायची. मी वहीत लिहायचो. अख्ख्या शाळेत नसेल एवढा रुबाब तिचा तिथं असायचा.

एकदा दूध घालायला आलेले मारुतीआबा खवळले. "सचिव, फॅट कामून कमी लागली रं? चारा तोच हाय, म्हैस तीच हाय!"

मी मशीनकडे पाहिलं. आठचा आकडा कावेरीनं तीन वाचला होता. आधी मी तिला रागावलो. मग दोन-तीन दिवस लक्ष ठेवलं, तेव्हा दिसलं की पोरगी मान तिरकी करून, डावा डोळा मिटून वाचते. तिचा डावा डोळा माझ्या हातानं झाकला तेव्हा ती भराभर वाचत गेली. उजवा झाकला तर म्हणाली, "पप्पा, मशीन कुठं गेली?"

बीडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा दिला नाही. कावेरीच्या हातावरचे डाग पाहून त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, "उद्याच औरंगाबादला जा. तिथं एमआरआय करून घ्या." एमआरआय म्हणजे चुंबकाच्या यंत्रानं शरीराच्या आतले फोटो काढणं. लहान मूल तेवढा वेळ हलल्याशिवाय राहत नाही, म्हणून तिला थोडी भूल दिली. मी आणि माझी बायको सुनीता बाहेरच्या बाकावर बसलो.

डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं तेव्हा सुनीतानं विचारलं, "साहेब, म्हणजे हे ग्रहणामुळं न्हाई झालं?"

"कसलं ग्रहण?"

"ही पोटात असताना ग्रहण लागलं होतं. मी विसरले आन् भाजी चिरली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ताई, ग्रहणाचा काही संबंध नाही. हे वडलांकडून आलंय आणि त्यात त्यांचीही चूक नाही. कोणाचीच नाही."

डोळा जायला लागल्यापासून ती हे मनात घेऊन फिरत होती आणि मला पत्ताही नव्हता. ती माझ्याकडे बघून चक्क हसली. "तुमच्याकडून हाय व्हय!" मलाही हसू आलं. डॉक्टरांना आम्ही वेडेच वाटलो असणार.

मग केमोथेरपी सुरू झाली. गाठ वाढू नये म्हणून शिरेतून द्यायचं ते औषध. सुरुवातीला दर आठवड्याला, पुढं अंतर ठेवून. सव्वा वर्ष चाललं. दर वेळी टोचायला नको म्हणून दंडाच्या शिरेत एक बारीक नळी बसवली. औषधानं कावेरीचा जबडा दुखायचा, भाकरी चावत नव्हती, केस विरळ झाले. पण पहिल्याच महिन्यात वॉर्डातल्या सगळ्या मुलांना तिनं गुरांची नावं ठेवली आणि नर्सबाईंना छावणीचा दाखला मागितला. माझ्या गैरहजेरीत संकलन कोण करणार, हा प्रश्न मारुतीआबांनी सोडवला. चष्मा नाकावर ठेवून ते स्वतः मशीनजवळ बसायचे. फोन करून सांगायचे, "पोरीकडं बघ तू. हितं समदं बराबर हाय. माजीच फॅट लई कमी लागतीया, तेवढंच."

सव्वा वर्षानं पुन्हा एमआरआय झाला. डॉक्टरांनी दोन फोटो शेजारी लावले. गाठ आकसली होती. "ती पूर्ण गेली नाही, पण झोपली आहे. आपण तिच्यावर नजर ठेवू," ते म्हणाले. डाव्या डोळ्याची गेलेली नजर थोडी परत आली आणि उरलेली टिकली. उजवा डोळा पहिल्यापासून ठणठणीत.

ज्यांच्या घरात लहान लेकरू आहे त्यांना एवढंच सांगतो. एखाद-दोन डाग पुष्कळ मुलांना असतात, त्यांना भिऊ नका. डागाचा कॅन्सर होत नाही. पण दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचे, ज्वारीच्या दाण्याहून मोठे डाग सहा किंवा जास्त दिसले, तर मुलाला डॉक्टरांना दाखवा आणि डोळे दर वर्षी तपासून घ्या. कावेरीच्या अंगावर नऊ होते. आम्ही ते कधी मोजलेच नाहीत, नुसते मिरवले.

नळी काढली त्या वर्षी पाऊस चांगला झाला. सव्वा वर्ष सुनीतानं त्या दंडाला पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता. कावेरीनं एकच हट्ट धरला : कपिलधारच्या धबधब्यावर जायचं. तिथल्या समाधीचं दर्शन झालं आणि आम्ही वळायच्या आत पोरगी धबधब्याखाली पोचली. सुनीता सवयीनं ओरडली, "कावेरे, हात वर धर!" कावेरीनं दोन्ही हात वर धरले आणि पाण्यात नाचायला लागली. नळी आता नाही, हे तेव्हा सुनीताच्या ध्यानात आलं. मग लुगडं सावरण्याच्या भानगडीत न पडता सरळ आत शिरली आणि पोरीला उचलून धारेखाली उभी राहिली. यात्रेकरू बायका बघत राहिल्या.

सुनीताची एक चप्पल वाहून गेली. परतताना जीपमध्ये ती एका पायात चप्पल घालून बसली होती आणि पालीपर्यंत ज्याला त्याला सांगत होती, "लई भारी पाणी हाय, जाऊन या."