घर ठेवलं काहून?

अकोटच्या शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवत होते. वर्गात एकच नियम केला होता. कुणी काहीही सांगितलं, अगदी मी सांगितलं, तरी ‘काहून?’, म्हणजे ‘का?’, असं विचारायचं. उत्तर येत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणायचं, पण विचारणाऱ्याला गप्प बसवायचं नाही.

सुरुवातीला कुणी तोंडच उघडेना. मग एकदा माठातलं पाणी थंड का, यावर वर्ग पेटला.

“माठच थंडा रायते,” एक जण म्हणाला.

बाजारात फुलं विकणाऱ्या बाईची मुलगी उठली. “मंग रिकामा माठ उनात तापते काहून?”

त्या दिवशी खोलीवर पोचेपर्यंत मी हसत होते. सांगायला मात्र कुणी नव्हतं. खिचडी टाकली, जेवले, झोपले.

दिवाळीची सुटी जवळ आली तेव्हा त्याच मुलीने विचारलं, “मॅडम, तुमी सुटीत गावाले काहून नाई जात?”

“पेपर तपासायचे असतात.”

“पेपर तं तिकडबी तपासता येतात.”

वर्ग हसला. “खाली बस! अभ्यासाचं विचार,” मी ओरडले. ती बसली.

पुढचे चार दिवस एकही प्रश्न आला नाही. मी विचारलं की सगळे वहीत बघायचे. नियम मीच मोडला होता.

सुटी लागायच्या दिवशी मी पुस्तक मिटलं. “हिच्या प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं,” मी म्हणाले. “अमरावतीला माझी आई होती. ती गेली. आता घराला कुलूप असतं. म्हणून जात नाही.”

मुलगी हळूच उठली. “मंग घर ठेवलं काहून?”

मी म्हणाले, “माहीत नाही.”

कुणी हसलं नाही.

त्या दिवाळीत मी एसटीने अंजनगावमार्गे अमरावतीला गेले. दोन खोल्या झाडल्या. आईच्या साड्या शेजारच्या काकूंना दाखवल्या, पण देववल्या नाहीत. पुन्हा घडी घालून कपाटात ठेवल्या.

शाळा उघडल्यावर ती टेबलाजवळ आली. “गेल्त्या का, मॅडम?”

“गेले होते. दोन दिवस राहिले.”

“दोनच?” तिने जरा विचार केला. “करमलं नसन.”

“नाही करमलं.”

तिने मान हलवली आणि जागेवर जाऊन वही काढली.