शेपूट कापायचं, पण का?

कुत्रं बोलत नाही, म्हणून त्याच्या वाट्याचंही मालकच बोलून घेतो. दिवसाला पंधरा मालक धरा, किस्से साचतील नाहीतर काय! गाझियाबादला आम्ही चार मराठी घरं एकत्र जमलो, की खिचडी ताटात पडायच्या आधीच कुणीतरी विचारतं, "मॅडम, आज काय नवीन?" मग मी सुरू होते आणि खिचडी गार होते. सगळं सांगत बसले तर रात्र पुरणार नाही, म्हणून आज फक्त शेपटांचं सांगते.

मी परभणीची, जनावरांची डॉक्टर. शिकले सगळं बैल-म्हशींवर. लग्न करून इकडे आले तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. घरोघरी केबल येत होती, गोठ्यांच्या जागी फ्लॅट येत होते, आणि म्हशी गेल्या तिथे कुत्री येत होती. तीही पिशवीत मावतील एवढी! सैनीसाहेबांच्या क्लिनिकमध्ये मी नोकरीला लागले. साहेबांनीही वीस वर्षं म्हशीच तपासलेल्या. जमिनीचे फ्लॅट झाले तसे साहेबही कुत्र्यांचे झाले.

* * *

पहिल्याच दिवशी एक कॉकर कुत्री आणि तिची चार दिवसांची पाच पिल्लं आली. साहेबांनी एकेक उचललं, शेपूट कापलं, टाका घातला, पुढचं! मी विचारलं, "सर, का कापायचं?"

"मालिक कहता है."

मी बाहेर जाऊन मालकाला विचारलं. तो म्हणाला, "डॉक्टर लोग कहते हैं."

परत आत आले. साहेब वैतागले. कपाटातून जातिवंत कुत्र्यांचं जाडजूड पुस्तक काढून माझ्यापुढे आपटलं. "किताब में है!" मी कॉकरचं पान उघडलं. फोटोतल्या कुत्र्याचं शेपूट आधीच कापलेलं होतं. कारण मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं!

त्या दिवसापासून मला खोडच लागली. शेपूट कापायला जो येईल त्याला मी विचारायची, "का?"

* * *

एक बाई आल्या. नवा फ्लॅट, नवा सोफा, नवं कुत्रं. म्हणाल्या, "डॉक्टर, ये पूँछ से टीपॉय के सारे कप गिरा देता है. काट दीजिए."

मी म्हटलं, "टीपॉय बाजूला सरकवा ना."

"इम्पोर्टेड है जी!"

"और पूँछ?"

त्या लगेच म्हणाल्या, "वो तो साथ में आई थी."

* * *

आणखी एक गृहस्थ पामेरियन घेऊन आले. आता पामेरियन म्हणजे मागचं ते गोंड्यासारखं शेपूटच की! तेच कापायला सांगू लागले. सैनीसाहेबांचंसुद्धा डोकं फिरलं. "अरे भाई, बचेगा क्या? रुई का गोला!"

मी आपलं नेहमीचं विचारलं, "पर क्यों?"

गृहस्थ हळूच म्हणाले, "मॅडम, हमारे फ्लोर पर बाकी सबकी कटी हुई है."

* * *

त्या पाच पिल्लांची आई महिन्याभराने लसीला आली. सैनीसाहेब दिसले की दात विचकायची, टेबलाखाली शिरायची. माझ्याकडे मात्र गपचूप आली. साहेबांनी मालकाला समजावलं, "कुछ नहीं, इसको पिछली बार का इंजेक्शन याद है."

मागच्या वेळी तिला इंजेक्शन मीच दिलं होतं.

* * *

आता जाधवांचं. सुभेदार जाधव, मूळचे साताऱ्याकडचे. फौजेतून रिटायर झाले आणि मुलीची शाळा इथेच म्हणून गाझियाबादेतच फ्लॅट घेतला. एका सकाळी प्रेस केलेल्या शर्टात हजर. सोबत दहा-अकरा वर्षांची सोनू आणि तिच्या कडेवर रस्त्यावरचं पिवळं पिल्लू. कान ताठ, छातीवर पांढरा ठिपका, शेपूट गोल गुंडाळलेलं आणि सारखं हलतंय!

"मॅडम, शेपूट उडवायचंय."

"नाव काय ह्याचं?"

"शेपट्या."

मला हसूच फुटलं. सोनू इकडेच वाढलेली, हिंदीच फाडफाड बोलायची. येणारे मराठी शब्द मोजकेच, त्यातला एक तिने कुत्र्यावर खर्च केला होता.

"ते नावपण बदलू," जाधव घाईघाईने म्हणाले. "रॉकी करू." आणि खिशातून सोसायटीची नोटीस काढली. सेक्रेटरी भल्लासाहेबांची सही. सोसायटीत फक्त ब्रीडचे कुत्रे ठेवता येतील. आठ दिवसांत डॉक्टरचा कागद आणा, नाहीतर कुत्रा बाहेर.

"फौजेत बघितलंय ना मी," जाधव म्हणाले, "साहेबलोकांच्या कुत्र्यांना शेपट्या नसतात. कापलं की ब्रीड!"

इतकी वर्षं मी कारण विचारत फिरत होते. हे सगळ्यांवर कडी करणारं! मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, तीन महिन्यांचं झालंय. आता नुसती कात्री नाही चालत, भूल देऊन हाड कापावं लागतं. आणि कापूनही तो शेपट्याच राहणार. मी नाही कापणार."

"मग कुत्राच जाईल, मॅडम. हिला मी काय सांगू?"

सोनूने पिल्लाचं शेपूट मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं. "आठव्या दिवशी या," मी म्हटलं. "लिहीन काहीतरी." पण लिहिणार काय, कप्पाळ!

* * *

आठव्या दिवशी जाधव, सोनू आणि शेपट्या बाकावर बसलेले, मी कोरा कागद पुढे घेऊन बसलेली, आणि दारातून आत कोण यावं? भल्लासाहेब! हातात चांदीच्या साखळीला बांधलेला कुत्रा. "ये हमारा रॉकी. कॉकर है. करोल बाग के बाज़ार से लिया, टोकरीवाले से, पूँछ कटी-कटाई."

मी रॉकीकडे बघितलं. पिवळा. कान ताठ. छातीवर पांढरा ठिपका. मग शेपट्याकडे बघितलं. जाधवांनीही दोघांकडे बघितलं. तेवढ्यात सैनीसाहेब आतून आले, दोघांना बघितलं आणि आल्या पावली आत गेले.

जाधव सावधान उभे राहिले. "साब, हमारा भी यही ब्रीड है. बस, पूँछवाला मॉडल है!"

मी मनात म्हटलं, मेले! भल्लासाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी जाधवांच्या हातातल्या नोटिशीकडे एकदा बघितलं आणि ते माझ्याकडे वळले. "पहले इसका इलाज कीजिए. इसको दौरा पड़ता है. पीछे का पूरा हिस्सा काँपता है."

दौरा म्हणजे फिट! मी रॉकीला टेबलावर घेतलं. ताप नाही, मणका ठीक, पाय ठीक. "किस वक़्त होता है?"

"रोज़ शाम को. मैं दफ़्तर से आता हूँ, दरवाज़ा खोलता हूँ, बस, शुरू! देखिए, देखिए, अभी भी!"

भल्लासाहेब जवळ वाकले होते, आणि रॉकीचं दोन बोटांचं थुटूक इतकं हलत होतं की त्यापायी सगळं ढुंगण हलत होतं.

सोनू बाकावरून उठली. "अंकल, दौरा नहीं है. आपको देख के पूँछ हिला रहा है."

"पर बेटा, पूँछ तो है ही नहीं!"

"उसको थोड़ी पता है, अंकल!"

भल्लासाहेब स्टुलावर बसले. त्यांनी रॉकीच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताखाली रॉकीचं चालूच होतं. मग त्यांनी जाधवांच्या हातातली नोटीस घेतली, चार घड्या घातल्या आणि स्वतःच्या खिशात टाकली. माझा कागद कोराच राहिला.

जाताना दारात थांबले. शेपट्यापुढे वाकून त्यांनी सोनूला विचारलं, "क्या नाम रखा है इसका?"

"शेपट्या."

"अच्छा! मतलब?"

मी जाधवांकडे बघितलं. जाधवांनी सोनूकडे बघितलं. सोनू खाली बघत राहिली.

"मराठी नाम है, साब," जाधव म्हणाले.