गोलातली मधली

आत्ताच लिहून राहिले. पायाला ग्राउंडची माती तशीच हाय. उद्यावर टाकलं तर परत गिळून टाकीन.

नांदेडला होस्टेलला होते तवाची गोष्ट. फुटबॉलची प्रॅक्टिस. पोरी गोल करून उभ्या, बॉल एकमेकीला द्यायच्या, मधल्या पोरीनं तो हिसकावायचा. मधलीला म्हणायचे डॉगी. नियम साधा, जिचा पास चुकला ती मधी. पण नांदेडच्या पोरींचा चुकला की सर म्हणायचे, "ए मुखेड, तूच जा."

मुखेड म्हणजे मी, माझ्या गावावरून. नाव होतं मला. दोन वर्षांत एकदाबी घेतलं न्हाई.

एकदा लई दमले, गुडघ्यावर हात टेकून वाकले. सर हसत म्हणले, "अगं, तुझे आईबाप दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबतात ना? दम तुमच्या रक्तातच असतो. पळ!"

पोरी हसल्या. मीबी हसले.

त्यांचं हसणं कवाच विरलं. माझं अजून कानात हाय.

मला वाटलं कौतुक हाय! आईला फोनवर सांगितलं, "सर म्हणले माझ्यात लई दम हाय." आई खूश. राबण्याचं तेवढं गाळलं. म्हणजे कुठंतरी कळलंच होतं मला.

मग जिल्ह्याच्या टीमची निवड आली. शेवटची मॅच. बॉल गेला की सर ओरडायचे, "मुखेड, प्रेस!" म्हणजे बॉल जिच्याकडं तिच्या अंगावर धावून जा. मी पळायचे. समोरची बाजूला पास द्यायची. मी तिकडं. तिथून परत इकडं. मागं बघते तर आपल्याच पोरी कमरेवर हात ठेवून उभ्या.

हाफटाइमला बोलले. "सर, एकटीनं प्रेस होत न्हाई. मी गेले की मागून दोघींनी पासची वाट बंद करायला पाहिजे."

"तू शिकवणार मला? तुझं काम पळायचं. डोकं आम्ही चालवू."

"मग न्हाई पळत मी."

बुटाच्या लेस सोडल्या. तिथंच, सगळ्यांसमोर. यादीत नाव आलं न्हाई. येणार नव्हतंच.

आता मी लातूरला पोरींना शिकवते. बॉल गेला की तिघींनी मिळून कसं घेरायचं, कुणी कुठली वाट अडवायची, सगळं. लई भारी खेळून राहिल्यात, खरंच! आणि आज निलंग्याची सुनीता मधी होती. तिची आई मजुरीला जाते. पोरगी दमली, थांबली. अन् माझ्या तोंडातून निघालं, "ए निलंगा, पळ की! तुमच्यात तर लई दम असतो!"

ती हसली. हुबेहूब माझ्यासारखं.

सरांचा आवाज. माझ्या गळ्यातून!

शिट्टी मारली, सगळ्यांना थांबवलं. म्हणले, "सुनीता, चुकलं माझं."

"काय झालं ताई?" तिला कळलंच न्हाई. तेच जास्त लागलं.

म्हणून इथं लिहून ठेवते. माझ्या ग्राउंडवर डॉगी म्हणणं बंद. जिचा पास चुकला ती मधी, माझा चुकला तर मी मधी. अन् मधी एकटी कुणीच न्हाई, दोघीच जाणार. गावाच्या नावानं जी हाक मारेल ती बाहेर बसेल. मी मारली तर मी बाहेर, प्रॅक्टिस पोरी घेतील.

तुमचं असं कौतुक केलंय का कुणी? अन् तुम्ही हसलात का? खरं सांगा.