सरफेस आहे, सर

मी नौदलात अ‍ॅस्डिक ऑपरेटर होतो. धानोऱ्याच्या जंगलातला माणूस समुद्रावर कसा, असं लोक विचारतात. भरती निघाली, मी आणि गावचाच सोमाजी गेलो. एवढंच.

अ‍ॅस्डिक म्हणजे पाण्यात आवाज सोडायचा आणि तो कशावर आपटून परत येतो ते हेडफोनमध्ये ऐकायचं. समुद्र शांत असला की वरचं पाणी आरशासारखं. आवाज त्याला लागून पुढे निघून जातो. वारा सुटला की प्रत्येक लाट त्यातला थोडा थोडा आपल्याकडे फेकते. नुसता गलबला, आमच्या भाषेत ‘सरफेस’. पण हा गलबला दर वेळी बदलतो. टणक वस्तूचा प्रतिध्वनी त्याच अंतरावर येत राहतो.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. एक लाकडी बार्ज, म्हणजे ओढून न्यायची सपाट मालवाहू नाव, दोर तुटून, अर्धवट बुडून वाहत होता. तो शोधायचा हुकूम होता. वारा जोराचा. सकाळी मी दोनदा कॉन्टॅक्ट दिला, म्हणजे पाण्यात वस्तू आहे असं कळवलं, दोन्ही वेळा लाटाच निघाल्या. जेवताना मेसमध्ये सगळे हसले. सोमाजीही.

"काऊन बे, समुद्रातही मोहाची झाडं दिसून राह्यली का तुले?"

१४२० वाजता पुढे काही फळ्या तरंगताना दिसल्या. कॅप्टननं वल्ह्यांची होडी उतरवायला सांगितली. सहा जण, त्यात सोमाजी. ब्रिजवरून मला विचारणा आली.

"अ‍ॅस्डिक, कॉन्टॅक्ट?"

गलबल्यात एक बारीक ठोका होता. तीनदा ऐकला, तिन्ही वेळा चारशे यार्डांवर.

"नो कॉन्टॅक्ट. सरफेस आहे, सर."

मला पुन्हा हसं करून घ्यायचं नव्हतं.

१४३५ ला लाटेनं होडी उचलून पाण्याखालच्या बार्जवर आपटली. पाच जण जिवंत सापडले. सोमाजी सापडला नाही.

चौकशीत मी समुद्र खवळला होता एवढंच सांगितलं. त्याच्या आईलाही तेच. मग दर रजेत तेच.

नौदल सोडून गावी परतलो, त्या उन्हाळ्यात खरं सांगितलं. ती मोहफुलं निवडत होती. हात थांबले.

"तुले ऐकू आलं होतं?"

"हो बाई. तीनदा."

मी उठलो, तर ती म्हणाली, "बस. खरं सांगून राह्यला तं सगळं सांग. होडीत बसला तवा कसा होता?"

जहाजावर शीळ घालायला मनाई असते. वल्हं धरताना सोमाजीनं घातली, बोसनची, म्हणजे खलाशांच्या मुकादमाची, शिवी खाल्ली आणि हसला. वाचलेल्यांनी मला सांगितलं होतं, ते मी तिला सांगितलं.

"कोणती शीळ?"

"त्याले एकच येत होती, बाई. आपल्या गावच्या रेला नाचाची."

तिनं मान खाली घातली आणि फुलं निवडता निवडता ती चाल हळू म्हणायला लागली.